९९ हजारांच्या आयव्हीएफ पॅकेजसाठी सोनं गहाण ठेवायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचं वय ३१, पतींचं ३६, लग्नाला सात वर्षं. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि सोयाबीन. दोन वर्षांपूर्वी नळ्यांचा एक्स-रे काढला, त्यात एक नळी बंद आली. बीजांचा साठा सांगणारी एएमएच रक्ततपासणी २.१. बीज वाढायच्या गोळ्या तीन-चार महिने घेऊन झाल्या. गेल्या महिन्यात जवळच वंध्यत्वाचं शिबिर भरलं. तिथं ‘९९ हजारांत आयव्हीएफ’, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, असं सांगितलं आणि त्याच दिवशी १० हजार भरले तर सवलत देऊ म्हणाले. ताई विचारतात, एवढ्यात भागेल का? आणि पैसे सोनं गहाण ठेवून उभे करावेत, की सोसायटीचं पीककर्ज यात वापरावं?

ताई, आधी थेट उत्तर देते. ९९ हजारांत भागणार नाही. सगळं धरून अडीच लाखांच्या आसपास हिशेब ठेवावा लागतो. पीककर्जाला हात लावू नका. आणि शिबिरात पैसे भरू नका, कारण तुम्हाला आयव्हीएफ लागेलच असं तुमच्या कागदांवरून अजून ठरत नाही. तुम्ही स्वतःचे सगळे रिपोर्ट लिहिलेत, पण पतींची वीर्य तपासणी त्यात कुठंच नाही.

हे आपल्याकडं इतकं सर्रास होतं की त्यावर थोडं थांबून लिहिते. बाईच्या तपासण्यांवर वर्षानुवर्षं हजारो रुपये जातात आणि पाचशे ते हजार रुपयांची पुरुषाची तपासणी राहून जाते. मूल न होण्यामागं जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांकडचं मिळून. खर्चाचा पुढचा सगळा रस्ता याच रिपोर्टवर ठरतो. म्हणून पहिला पैसा इथं घाला. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. कमीही नको आणि जास्तही नको. नमुना प्रयोगशाळेतच द्यायचा. गावातून बाटलीत घालून एसटीनं नेलेला नमुना तासाभराच्या वर गेला की हालचाल कमी दिसते आणि रिपोर्ट उगाच खराब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे एका मिलिलीटरमध्ये १६ दशलक्ष शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के ही खालची मर्यादा आहे. त्यापेक्षा थोडं कमी आलं तर घाबरू नका, आणि लगेच आयव्हीएफला पळूही नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. मधल्या काळात खर्रा आणि दारू पूर्ण बंद. ताप येऊन गेला असेल, फवारणीचं औषध अंगावर घेतलं असेल किंवा जिममध्ये कुणी पिळदार शरीराची इंजेक्शनं दिली असतील, तर ते डॉक्टरांना सांगायचं. शेवटच्या कारणानं संख्या अगदी शून्यावरसुद्धा येते आणि इंजेक्शनं बंद केली की बहुतेकदा काही महिन्यांनी परत वाढते.

विदर्भात दुसरी एक तपासणी दोघांनीही केल्याशिवाय मोठा खर्च सुरू करू नये, ती म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मग ११ ते १३ आठवड्यांत गर्भाच्या तपासणीची सोय आधीच बघून ठेवावी लागते. भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधी तपासायचं तंत्रही आहे, पण त्यानं खर्च काही लाखांनी वाढतो. ही गोष्ट अडीच लाख खर्चून झाल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

आता बंद नळीबद्दल. एक्स-रे काढताना दुखलं की नळीचं गर्भाशयाजवळचं तोंड आवळतं आणि नळी चांगली असूनही बंद दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये नळी कुठं बंद आहे ते वाचा. गर्भाशयाच्या अगदी कोपऱ्यात लिहिलं असेल तर ती खरंच बंद असेलच असं नाही. टोकाला बंद आहे आणि नळी फुगून तिच्यात पाणी साठलं आहे असं लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. ते पाणी गर्भाशयात झिरपत राहतं आणि आयव्हीएफ केलं तरी भ्रूण रुजण्याची शक्यता निम्म्यावर येते. अशी नळी आधी काढावी किंवा बांधावी लागते. ही शस्त्रक्रिया फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आयव्हीएफ या योजनेत बसत नाही, पण त्याआधीच्या आजाराची शस्त्रक्रिया कधी कधी बसते. खासगी आरोग्य विम्यातही वंध्यत्वाचा उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो, त्यामुळं एजंटानं तोंडी काहीही सांगितलं तरी पॉलिसीच्या कागदात वाचल्याशिवाय तो पैसा हिशेबात धरू नका.

नळी बंद होण्यामागं आपल्याकडं क्षयरोग हे मोठं कारण आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून क्षय ठरला तर त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र बाकी काहीही नसताना फक्त पीसीआर ही जंतूचा अंश शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू करत असतील, तर सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजमध्ये दुसरं मत घ्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी या साध्या तपासण्याही तिथं खासगीपेक्षा बऱ्याच स्वस्त होतात.

समजा पतींचा रिपोर्ट चांगला आला आणि तुमची एक नळी मोकळी निघाली. मग ३१ व्या वर्षी, एएमएच २.१ असताना आयव्हीएफच्या आधी आययूआय करून बघायला जागा आहे. गोळ्या, तीन-चार वेळा बीजवाढीची सोनोग्राफी, बीज फुटण्याचं इंजेक्शन आणि धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडणं, असा एका महिन्याचा खर्च ६ ते १२ हजार येतो. हे यवतमाळ, अमरावती, अकोल्यालाही होतं, म्हणजे प्रवासही कमी. एका वेळेला दिवस राहण्याची शक्यता दहा-पंधरा टक्क्यांच्या घरातच असते. तुमच्या लग्नाला सात वर्षं झाली आहेत, म्हणून मी तुम्हाला तीनपेक्षा जास्त आययूआय सांगणार नाही. सहा-सहा, आठ-आठ वेळा आययूआय करून त्यातच लाखभर रुपये आणि दोन वर्षं घालवलेली जोडपी मग आयव्हीएफला येतात, तेव्हा पैसाही संपलेला असतो आणि वयही पुढं गेलेलं असतं. दोन्ही नळ्या बंद असतील किंवा शुक्राणू फारच कमी असतील, तर मात्र आययूआयचा एक रुपयाही वाया आहे. अशा वेळी सरळ आयव्हीएफचाच विचार करावा. तुमचं वय ३८ असतं तर मी हेच उत्तर बरंच वेगळं लिहिलं असतं, कारण तिथं पैशापेक्षा वेळ महाग असतो.

आता धरून चालू की आयव्हीएफच करायचं ठरलं. त्या ९९ हजारांत काय असतं? बहुतेक ठिकाणी बीजं काढण्याची प्रक्रिया, ज्याला दवाखान्यात सगळे पिकअप म्हणतात, लॅबचं काम आणि एकदा भ्रूण गर्भाशयात ठेवणं. बाहेर काय राहतं, ते शिबिरात कुणी सांगत नाही. रोजची इंजेक्शनं बाहेर, पिकअपआधीच्या रक्ततपासण्या बाहेर, भूलतज्ज्ञांची फी कधी आत, कधी बाहेर. एकेका बीजात सुईनं शुक्राणू सोडायचा, म्हणजे इक्सी करायची, तर २० ते ४० हजार वेगळे. भ्रूण गोठवून ठेवणं वेगळं आणि गोठवलेलं भ्रूण नंतर ठेवणं तर पूर्ण वेगळं.

यात सगळ्यात जास्त हेलकावे खातो तो इंजेक्शनांचा खर्च. म्हणून तो कसा मोजायचा ते नीट समजून घ्या. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शन असतं. त्याची ताकद युनिटमध्ये मोजतात आणि ७५ युनिटची एक बाटली असते. तुमच्यासारख्या वयाला आणि एएमएचला रोज २२५ युनिट दिले, म्हणजे तीन बाटल्या, तर दहा दिवसांत ३० बाटल्या लागतात. साधी एचएमजीची, म्हणजे बीजं वाढवणाऱ्या हार्मोनची, बाटली आठशे ते बाराशेला मिळते असं धरलं, तर २४ ते ३६ हजार होतात. एएमएच कमी असलेल्या बाईला तेच रोज ४५० युनिट अकरा दिवस द्यावे लागले तर ६६ बाटल्या होतात, आणि खर्च ५३ ते ७९ हजारांवर जातो. कंपनीची नवी, जनुकतंत्रानं बनवलेली रीकॉम्बिनंट इंजेक्शनं घेतली तर याहूनही जास्त. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज वेळेआधी फुटू नये म्हणून आणखी एक रोजचं इंजेक्शन येतं, त्याचे सहा-आठ हजार धरा. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : माझ्या वयाला, वजनाला आणि एएमएचला रोज किती युनिट द्याल, आणि ती कोणती? याचं उत्तर मिळालं की उरलेला गुणाकार घरी करता येतो. साध्या एचएमजीनं चालेल का, हेही मोकळेपणानं विचारा. पुष्कळ जणींना चालतं. बाटल्या एकदम तीस घेऊन ठेवू नका. डोस मधे कमी-जास्त होतो आणि फ्रिजमधलं इंजेक्शन औषध दुकानदार सहसा परत घेत नाहीत. तीन-चार दिवसांचीच घ्या, पक्क्या बिलावर.

दुसरा मोठा फटका बसतो तो भ्रूण गोठवण्याचा. ताजं भ्रूण लगेच ठेवतील असं धरून लोक पैसे जमवतात. पण बीजं फार जास्त झाली, पोट फुगायचा धोका दिसला, अस्तर नीट झालं नाही किंवा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन आधीच वाढलं, तर डॉक्टर सगळी भ्रूणं गोठवतात आणि एक-दोन महिन्यांनी ठेवतात. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशात बारीक बीजं जास्त साठण्याचा त्रास, असलेल्या बाईच्या बाबतीत तर हे होणारच असं धरून चालावं. हा निर्णय तुमच्या जिवाच्या सुरक्षेसाठी असतो. पैसे नाहीत म्हणून ताजंच ठेवा असा आग्रह कधीही करू नका, कारण पोटात पाणी भरून भरती व्हावं लागलं तर आयसीयूचं बिल आणखी मोठं येतं. गोठवणं १५ ते ३० हजार, नंतर अस्तर तयार करायच्या गोळ्या, सोनोग्राफी आणि भ्रूण ठेवणं मिळून ४० ते ७० हजार.

म्हणून तुमचा हिशेब असा बसतो : पॅकेज ९९ हजार, इंजेक्शनं ३५, रक्ततपासण्या ८, इक्सी लागली तर २५, गोठवणं २०, नंतर ठेवणं ५०, आणि प्रवास-मुक्काम १५ ते २०. बेरीज अडीच लाखांच्या थोडी वर जाते. दवाखान्यागणिक यातला एकेक आकडा हलेल, पण कुठल्याही केंद्रात जा, हे सात रकाने कागदावर लिहून न्या आणि प्रत्येकापुढं त्यांच्याकडून रक्कम लिहून घ्या. ‘बघू पुढचं पुढं’ म्हणणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहून घ्यायच्या. बीजं वाढलीच नाहीत आणि मधेच थांबवावं लागलं तर किती परत मिळणार? आणि ‘तीन वेळचं पॅकेज’ असेल तर तीन पिकअप, की एक पिकअप आणि तीन वेळा भ्रूण ठेवणं? यात फरक फार मोठा आहे. एका पिकअपमधून तीन वेळा ठेवण्याइतकी भ्रूणं बऱ्याच जणींना मिळतच नाहीत. दहा बीजं निघाली तर सातेक-आठ पक्की निघतात, त्यातली पाच-सहा फळतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीनच टिकतात. ‘पैसे परत’ची हमी असेल तर कशावर परत, हे वाचा. काही करारांत रक्ततपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की त्यांची जबाबदारी संपते, मग पुढं दोन आठवड्यांत गर्भ पडला तरी.

पॅकेजवर चढवल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दलही सांगते. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं द्रव सोडणं), अस्तर खरवडणं, भ्रूणाचं कवच लेसरनं पातळ करणं, भ्रूण चिकटवणारं द्रव, अस्तराची जनुकीय तपासणी : यातली प्रत्येक पाच-दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जाते. पहिल्याच प्रयत्नात सरसकट सगळ्यांना यांचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. ‘माझ्या कोणत्या रिपोर्टमुळं हे हवं आहे?’ असं विचारा. नेमकं कारण सांगितलं तर विचार करा, नाही तर नको म्हणा. एकाच वेळी दोन-तीन भ्रूणं ठेवायचा मोहही टाळा. पाचव्या दिवसाचं चांगलं भ्रूण असेल तर एकच. जुळी लवकर जन्मली आणि खासगी काचेच्या पेटीत ठेवावी लागली, तर एका दिवसाचं बिल आठ-दहा हजारांच्या पुढं जातं. बरेच दिवस ठेवावं लागलं तर ते आयव्हीएफच्या खर्चापेक्षा जास्त होतं. अशी वेळ आलीच तर जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू कक्ष मोफत आहे, हे लक्षात असू द्या.

केंद्र निवडताना नोंदणी बघा. २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याप्रमाणे प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. फक्त आययूआय करणारी केंद्रं पहिल्या पातळीची आणि आयव्हीएफ करणारी दुसऱ्या पातळीची. प्रमाणपत्रावर कोणती पातळी आहे ते वाचा. कायद्यानं बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचा प्रश्न आला तर ते नोंदणीकृत बँकेमार्फतच, आणि देणारीचं वय २३ ते ३५. कुणी दलाल गावातून किंवा ओळखीतून बाई आणून देतो म्हणाला तर तिथून निघून या. मुलगाच होईल असं सुचवणारा तर गुन्हाच करतो आहे.

आता प्रवास. हा खर्च छोटा वाटतो, पण बहुतेकांचं नियोजन इथंच मोडतं. आयव्हीएफ नागपूरला करायचं धरलं, तर ताज्या चक्राला, म्हणजे इंजेक्शनांपासून पिकअपपर्यंतच्या फेरीला, नागपूरच्या आठ-नऊ फेऱ्या आणि गोठवलेलं भ्रूण ठेवायला आणखी तीन-चार. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचं भाडं, ऑटो आणि जेवण धरून फेरीला दीड हजार होतात, आणि दोघांची मजुरी बुडते ती वेगळी. यावर मार्ग असा की मधल्या सोनोग्राफी यवतमाळ किंवा दारव्ह्याला करून रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा. त्यांनी आधी हो म्हणायला हवं आणि कोणत्या दिवशी काय मोजायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं. पहिली, पाळीच्या दुसऱ्या दिवसाची सोनोग्राफी, आणि शेवटच्या एक-दोन मात्र त्यांच्याकडेच करा, कारण पिकअपची वेळ त्यावर ठरते. दुसरा मार्ग म्हणजे नागपुरात नातेवाईक असतील तर दहा-बारा दिवस तिथंच राहणं. शेतीची कामं नसतील तर हा स्वस्त पडतो आणि त्रासही कमी.

बीज पक्कं करण्याचं शेवटचं इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात, ठरलेल्या मिनिटाला द्यावं लागतं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी पिकअप. ट्रिगर बहुतेकदा रात्री असतं. गावात रात्री दहाला इंजेक्शन देणारी सिस्टर मिळाली नाही आणि ते सकाळी दिलं, तर पिकअपच्या वेळेला बीजं कच्ची निघतात आणि सत्तर-ऐंशी हजार एका रात्रीत बुडतात. ट्रिगरच्या रात्री नागपूरलाच राहा. बाकीच्यांपैकी जी पोटाच्या कातडीखाली घेता येतात, ती स्वतः टोचायला शिकून घ्या. सिस्टर पंधरा मिनिटांत शिकवतात.

इंजेक्शनं बहुतेक २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नाही आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नाही. गोठलेलं इंजेक्शन परत वितळलं तरी वापरायचं नाही. दुकानातून आणताना रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आइसपॅक टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे बाटली बर्फाला थेट टेकत नाही. वीज दोन-चार तास गेली तर फ्रिज उघडू नका. जास्त वेळ जाणार असेल तर तोच थर्मास कामाला येतो. घरी फ्रिज नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा औषध दुकानात ठेवून रोज एकेक आणा.

हे ऊन आणि हातातला पैसा, दोन्ही बघून मी कोरडवाहू शेती असलेल्या जोडप्यांना शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुचवते. सोयाबीनचे पैसे आलेले असतात, कापसाचे चुकारे येत असतात, वेचणीची गर्दी उतरणीला लागते आणि ऊन नसतं. तपासण्या, सिकलसेल, खर्रा सोडणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, हे सगळं पावसाळ्यात उरकून घ्या. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत इंजेक्शनं घेऊन एसटीत बसणं नको, आणि जूनमध्ये तर नकोच. पेरणीचा पैसा एकदा दवाखान्यात गेला की वर्ष हातचं जातं.

पीककर्जाचं तेच आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळं व्याज जवळजवळ लागत नाही. ते दवाखान्यात गेलं आणि थकलं, की ही सवलत जाते, नवं कर्ज मिळत नाही आणि जूनमध्ये बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर चढ्या भावानं घ्यावं लागतं. एका उपचाराचा भार दोन हंगामांवर पडतो. कर्ज काढावंच लागलं तर सोनं चांगलं, पण राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत. एक लाखावर दहा टक्क्यांनी वर्षाला दहा हजार व्याज होतं. सावकाराकडं महिन्याला तीन टक्क्यांनी तेच छत्तीस हजार. बचत गटातून घेतलंत तर गटाचा दर आणि फेडीचा हप्ता आधी बघा. दवाखान्यातच मिळणाऱ्या ‘बिनव्याजी हप्त्यां’बद्दल सावध राहा. ते कर्ज एका वित्त कंपनीचं असतं आणि रक्कम एकदम दवाखान्याला मिळते. चक्र मधेच थांबलं तरी हप्ते तुमच्या खात्यातून जात राहतात आणि परताव्यासाठी तुम्हाला दवाखान्याच्या मागं फिरावं लागतं. शेत विकायचं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही, ताई. हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते.

शेत विकू नका म्हणते, कारण यश हमखास नसतं. तिशीच्या सुरुवातीला, चांगल्या केंद्रातसुद्धा, एका पिकअपमागं बाळ घरी येण्याची शक्यता दहापैकी तीन ते चार असते. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजानं ती दहापैकी एकाच्या आसपास येते. म्हणून माझं मत असं की एक पिकअप आणि दोन वेळा भ्रूण ठेवणं, एवढा पैसा कर्जात न बुडता उभा राहत असेल तरच सुरुवात करा. पहिल्याच प्रयत्नात तळ गाठू नका. आणि किती रकमेपर्यंत जायचं, हा आकडा इंजेक्शन सुरू होण्याआधी नवरा-बायकोनं मिळून ठरवा. नंतर, निकाल नकारात्मक आल्यावर, त्या दुःखात कुणालाच नीट ठरवता येत नाही आणि घरचेही ‘आणखी एकदा’ म्हणतात.

पहिला प्रयत्न फसला तर दुसरे पैसे भरायच्या आधी केंद्राकडून लॅबचा तक्ता मागा. किती बीजं निघाली, किती पक्की होती, किती फळली, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किती उरली आणि कोणत्या प्रतीची, हे त्यात असतं. तो तुमचा हक्काचा कागद आहे. त्यावरून दुसरा डॉक्टरही सांगू शकतो की अडचण बीजात आहे, शुक्राणूत आहे की अस्तरात. तक्ता न बघता तेच औषध, तोच डोस आणि तेच पॅकेज पुन्हा करणं म्हणजे तेच पैसे पुन्हा पणाला लावणं. गोठवलेलं भ्रूण शिल्लक असेल तर दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो.

दिवस राहिले तर प्रोजेस्टेरॉन दहा-बारा आठवड्यांपर्यंत चालतं, त्याचे महिन्याला दोन-तीन हजार बाजूला ठेवा. पुढची तपासणी आणि बाळंतपण सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आयव्हीएफचं बाळ आहे म्हणून खासगीतच जायला हवं असं नाही. फक्त तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आयव्हीएफचा कागद दाखवा.

आणि उरलेली भ्रूणं असतील तर त्यांचं वार्षिक भाडं सुरू राहतं, दहा-वीस हजार. कायद्यानं ती दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. नूतनीकरणाची तारीख पावतीवर बघून ठेवा. दुसरं मूल नको असं पक्कं झालं तर फोनवर सांगून थांबू नका. दोघांच्या सहीचं लेखी पत्र केंद्रात द्या आणि त्याची पोच घ्या, नाही तर थकबाकी चढत राहते.